पर्पल हाऊसचा बुश बाम: डबी छोटी आहे, पण घ्याच

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. बाम चांगला आहे. कोरड्या त्वचेला, भेगा पडलेल्या टाचांना, थंडीत फुटणाऱ्या हातांना आणि सर्दी झाली की छातीला पाठीला चोळायला मस्त. गुडघेदुखीवर जादू वगैरे होत नाही, तशी आशा ठेवून घेऊ नका. झंडू किंवा अमृतांजनच्या मानाने महाग आहे आणि डबी छोटी आहे. तरीपण आमच्या घरात तो संपला की परत येतो आणि इंडियातून कोणी इथे ऑस्ट्रेलियात फिरायला आलं की मी त्यांना सांगते की उलुरूच्या, म्हणजे इथल्या त्या प्रसिद्ध लाल खडकाच्या, फोटोचा फ्रीजवर लावायचा मॅग्नेट नका घेऊ, हा बाम घ्या. का सांगते ते नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण हा बाम कोण बनवतं आणि त्याचे पैसे कुठे जातात हे सांगितल्याशिवाय नुसता वास कसा आहे आणि चिकट आहे का एवढंच लिहिणं मला जमणार नाही.

बनवणारी संस्था ॲलिस स्प्रिंग्जची, नाव पर्पल हाऊस. ॲलिस स्प्रिंग्ज म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर बरोबर मध्यभागी, चहूबाजूंनी लाल मातीचं वाळवंट. संस्थेचं कागदोपत्री नाव खूप लांब आहे, पण इमारत जांभळ्या रंगाची आहे म्हणून सगळे पर्पल हाऊसच म्हणतात. यांचं मूळ काम डायलिसिस, म्हणजे किडनी निकामी झालेल्या माणसाचं रक्त मशीनने साफ करणं. वाळवंटातल्या दूरदूरच्या गावांत राहणाऱ्या ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी लोकांना आपापल्या गावात डायलिसिस मिळावं म्हणून त्याच लोकांनी उभी केलेली ही संस्था आहे, संचालक मंडळ त्यांचं, निर्णय त्यांचे, नर्स आणि मॅनेजर लोक त्यांनी नेमलेले. बाम हा संस्थेचा छोटा जोडधंदा. ज्यांचं डायलिसिस चालू आहे ते पेशंट आणि त्यांच्या घरचे लोक रानात जाऊन पाला गोळा करतात, त्याचा बाम होतो, विकला जातो, आणि पैसा परत त्याच कामात.

आता बामबद्दल. मी वापरलेत ते दोन प्रकार, इर्मांगका-इर्मांगका आणि आर्रेथे. दोन्ही तिकडच्या वाळवंटी झुडपांची नावं आहेत, एकाच कुळातली झुडपं, एरेमोफिला म्हणतात त्या जातीची. तिथले लोक या झुडपांचा पाला पिढ्यानपिढ्या सर्दी-खोकल्याला, अंगदुखीला, त्वचेच्या तक्रारींना वापरत आलेत. पाला ऑलिव्ह ऑइलमध्ये मुरवतात आणि मधमाशांचं मेण घालून घट्ट करतात, बास. यादी एवढी छोटी असलेला बाम मी तरी दुसरा वापरला नाहीये, आणि मागे छापलेले सगळे शब्द मला कळतात हेच मला आवडलं.

डबी उघडली की आत थिजलेल्या तुपासारखा हिरवट पिवळट बाम दिसतो. बोटाने थोडा घेतला की लगेच विरघळतो आणि थोडासाच पुरतो, म्हणून छोटी डबी वाटते त्यापेक्षा जास्त दिवस जाते. वास मात्र आपल्या सवयीचा नाही. त्यात मेंथॉल नाही, कापूर नाही, त्यामुळे नाकात एकदम झणका बसत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. किंचित कडसर, पाल्याचा, मातीच्या जवळ जाणारा वास आहे आणि तो बराच वेळ रेंगाळतो. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा नाही आवडला, लेकीला लगेच आवडला. ज्यांना बाम म्हटलं की चरचरलं पाहिजे, थंडगार लागलं पाहिजे असं वाटतं त्यांना हा फिका वाटेल. माझी आई इथे राहायला आली होती तेव्हा तिचं पहिलं वाक्य हेच होतं, अगं हा लागतच नाही! पण रोज रात्री टाचांना लावून मोजे घालून झोपायला लागली आणि तिच्या वर्षानुवर्षांच्या भेगा बऱ्याच मऊ झाल्या, जाताना डबी न विचारता तिच्या बॅगेत गेली. तेलकट आहे, चादरीला डाग पडतो, मोजे घालायला विसरू नका.

सर्दीत छातीला चोळल्यावर मला बरं वाटतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. तो पाल्यामुळे की चोळण्याने आलेल्या उबेमुळे ते मी सांगू शकत नाही, आणि दावा करणार पण नाही. औषध म्हणून बघू नका, चांगला पारंपरिक बाम म्हणून बघा. मेण असल्यामुळे व्हीगन लोकांना चालणार नाही. ज्यांची त्वचा लगेच लाल होते त्यांनी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, अगदी तान्ह्या बाळांना डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, तेल-मेणाचाच आहे, वितळणारच.

रिव्ह्यू म्हणाल तर एवढाच. आता खरं सांगायचं ते.

ॲलिसपासून पश्चिमेला साधारण ५३० किमीवर किंटोर नावाचं गाव आहे, बराचसा रस्ता कच्चा. त्याच्याही पुढे, राज्याची हद्द ओलांडून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, किविरकुरा, ॲलिसपासून ७०० किमी. तिथे पिंटूपी लोक राहतात. हे लोक आपल्या मूळ भूमीवरून सरकारी वस्त्यांमध्ये आणले गेले होते आणि १९८१ च्या सुमारास धडपड करून परत आपल्या भूमीवर येऊन त्यांनी किंटोर वसवलं. म्हणजे घरी परत जायचं यासाठी ज्यांनी एकदा झगडा केलेला आहे अशी ही माणसं. आणि मग नव्वदच्या दशकात त्यांच्यातल्या एकेकाच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या. मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल लोकांमध्ये किडनी फेल होण्याचं प्रमाण जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांमध्ये मोडतं. कारणं एक नाही, जन्मतःच कमी वजन, लहानपणी परत परत होणारे त्वचेचे आणि घशाचे जंतुसंसर्ग जे किडनीला इजा करून जातात, दाटीवाटीची मोडकी घरं, स्वच्छ पाण्याची वानवा, पुढे वयात आल्यावर डायबेटीस आणि बीपी. गरिबी शरीरात कशी साठत जाते ते या एका आजारात दिसतं.

डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार-पाच तास मशीनला जोडलेलं राहायचं, आणि हे कायमचं. मशीन ॲलिसला. म्हणजे किंटोरच्या माणसाची किडनी गेली की त्याने गाव सोडायचं आणि परत यायचं नाही. सुट्टी घेऊन चार दिवस घरी जाऊन येतो असं पण नाही, कारण दोन-तीन सेशन बुडाली की जीवावर बेततं. ॲलिसमध्ये त्यांची भाषा बोलणारे थोडे, राहायला जागा नाही, कोणी हॉस्टेलमध्ये, कोणी नातेवाईकांच्या खचाखच भरलेल्या घरात, कोणी नदीच्या कोरड्या पात्रात. काही लोक सरळ डायलिसिस सोडून गावी परत गेले, मरायचंच असेल तर आपल्या जमिनीवर मरू म्हणून. आणि गेलेले बहुतेक जण वयाने मोठे, म्हणजे ज्यांना कुठल्या टेकडीची कुठली गाणी, पाणी कुठे लागतं, कुठल्या पाल्याचा काय उपयोग, लग्नसंबंध कोणाशी जुळतात हे सगळं माहीत तीच माणसं शहरात खुर्चीला बांधलेली, आणि नातवंडं पाचशे किलोमीटरवर त्यांच्याशिवाय वाढणारी. एका माणसाचा आजार सगळ्या गावाचा आजार झाला.

यांनी मागणी केली की मशीन आमच्या गावात आणा. सरकारी यंत्रणेचं म्हणणं, इतक्या दूर शक्य नाही, परवडणार नाही, सुरक्षित नाही. मग यांनी जे केलं त्यासाठी मी या लोकांना मनापासून मानते. हे लोक चित्रकार आहेत. पापुन्या तुला नावाची चित्रकारांची स्वतःची कंपनी १९७२ पासून आहे, ते ठिपक्याठिपक्यांचं वाळवंटी चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल, ती चळवळ यांचीच. किंटोर आणि किविरकुराच्या पुरुषांनी आणि बायकांनी एकत्र बसून मोठाले कॅनव्हास रंगवले, आणि नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साऊथ वेल्समध्ये त्यांचा लिलाव झाला. दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमले. आपल्या जमिनीची चित्रं विकून त्या जमिनीवर परत जायचे पैसे उभे केले. मी मुद्दाम त्या चित्रकारांची नावं लिहीत नाहीये, त्यातले बरेच जण आता हयात नाहीत आणि तिकडे गेलेल्या माणसाचं नाव घेणं टाळतात.

पैसे आले म्हणून लगेच मशीन आलं नाही. संस्था नोंदवणं, परवानग्या, नर्स मिळणं, पाणी. पाण्याचं आपल्या लक्षात येत नाही पण एका डायलिसिसला शंभर-सव्वाशे लिटर अतिशय शुद्ध पाणी लागतं, आणि वाळवंटात बोअरचं पाणी, आरओ लावूनही बरंच वाया जाणारं. ते सगळं करत २००४ मध्ये किंटोरमध्ये डायलिसिस सुरू झालं. आता असे छोटे युनिट वीसच्या आसपास गावांत आहेत, वाळवंटातच नाही तर पार उत्तरेला समुद्राकाठी अर्नहेम लँडमध्ये पण. सारा ब्राऊन नावाच्या नर्स सुरुवातीच्या काळापासून संस्थेचा कारभार बघत आल्यात, त्या गोऱ्या आहेत, पण त्यांच्या मुलाखती ऐकल्या तर सतत एकच येतं की मालक हे लोक आहेत, आम्ही नोकरी करतो.

युएंडुमू गावाची गोष्ट पण सांगते. तिथले वार्लपिरी लोक. त्यांच्या जमिनीवर सोन्याची खाण आहे आणि त्याची रॉयल्टी येते. त्या रॉयल्टीतले पैसे त्यांनी आपल्या गावातल्या डायलिसिससाठी घातले. खाणीच्या रॉयल्टीचं काय करायचं हा प्रश्न आपल्याकडे कुठल्या आदिवासी गावाला कोणी विचारत असेल का, गडचिरोलीत सुरजागडच्या खाणीच्या बातम्या वाचताना मला हे नेहमी आठवतं. युएंडुमूला दरवर्षी मोठा स्पोर्ट्स वीकेंड भरतो, आजूबाजूच्या शेकडो किलोमीटरवरच्या गावांच्या फुटीच्या टीम येतात, फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिकडच्या वाळवंटात अनवाणी पोरं लाल धुळीत खेळतात ते बघण्यासारखं असतं. बरेच जण म्हणतात की आदिवासी आरोग्य म्हणजे पोरांना खेळाला लावा, फिट ठेवा. बरोबरच आहे. पण मैदानाच्या कडेला बसून ओरडणारे आजी-आजोबा पण पाहिजेत ना, नाहीतर खेळ कोणासाठी खेळायचा. गावात मशीन असल्यामुळे सोमवारी डायलिसिस करून शनिवारी नातवाची मॅच बघायला माणूस गावातच असतो. मला हे फिटनेस प्रोग्रॅमच्या बरोबरीचं आरोग्य वाटतं.

ज्या गावात युनिट नाही त्यांच्यासाठी पर्पल ट्रक आहे, २०११ पासून. मोठा जांभळा ट्रक, चित्रांनी रंगवलेला, आत डायलिसिसच्या खुर्च्या. कोणाच्या घरी मयत झालं, समारंभ आहे, उत्सव आहे, तर ट्रक त्या गावाला जाऊन थांबतो आणि पेशंट तेवढे दिवस आपल्या माणसांत राहून येतात. मयताला हजर राहता येणं ही त्यांच्याकडे फार मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे पण आहेच की.

आणि ॲलिसमधलं ते जांभळं घर. जे पेशंट शहरातच राहतात त्यांच्यासाठी. मागच्या अंगणात शेकोटी असते, कांगारूची शेपटी भाजतात, तिकडचा तो आवडीचा पदार्थ. कपडे धुवायची सोय, सरकारी फॉर्म भरायला मदत, डॉक्टर काय म्हणाले ते आपल्या भाषेत समजावून सांगणारं माणूस. मी ॲलिसला गेले तेव्हा ते घर बाहेरूनच पाहिलं, आत नाही गेले. लोक तिथे आजारपणात बसलेत, तिथे टुरिस्ट म्हणून डोकवायचं नसतं. तुम्ही गेलात तर तुम्ही पण नका जाऊ, बाम शहरातल्या दुकानात मिळतो.

२००९ मध्ये असं पण झालं की नॉर्दर्न टेरिटरीच्या, म्हणजे ॲलिस ज्या प्रांतात येतं तिथल्या, सरकारने शेजारच्या राज्यांतल्या नवीन पेशंटना ॲलिसमध्ये डायलिसिस द्यायला नकार दिला होता. किविरकुराचा माणूस कागदोपत्री वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा, म्हणजे त्याने ॲलिस सोडून दीड हजार किलोमीटरच्या वर लांब पर्थला जायचं! ज्या हद्दी या लोकांनी आखल्याच नाहीत त्या हद्दींमुळे. तेव्हा हेच पेशंट बोलले, भांडले, आवाज उठवला. पुढे नोव्हेंबर २०१८ पासून केंद्र सरकारच्या मेडिकेअर या आरोग्य विमा योजनेत अतिदुर्गम भागातल्या डायलिसिससाठी स्वतंत्र आयटम आला, म्हणजे गावात नर्सने किंवा ॲबोरिजिनल हेल्थ वर्करने केलेल्या डायलिसिसचे पैसे सरकार देतं. चित्र विकून सुरू केलेलं काम अठरा वर्षांनी सरकारी खर्चाच्या यादीत आलं. आणि ज्या मध्य ऑस्ट्रेलियात डायलिसिसवरच्या पेशंटचं जगण्याचं प्रमाण देशात सगळ्यात वाईट होतं तिथलं आता सगळ्यात चांगल्यांपैकी आहे असं संस्था सांगते. मला यात आश्चर्य वाटत नाही. मशीन तेच आहे, औषधं तीच आहेत, फक्त माणूस आपल्या घरी आहे, खायला करणारं कोणी आहे, सेशन बुडवायचं कारण उरत नाही.

मी एवढं पोटतिडकीने का लिहितेय तर माझे बाबा. त्यांचं डायलिसिस चालू झालं तेव्हा ते गावाकडे राहत होते आणि सेंटर नाशिकला. आठवड्यातून दोनदा पहाटेची एसटी, चार तास खुर्चीत, आणि मग परत येताना बीपी पडलेलं, एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं, पण एवढ्या प्रवासात तीनदा जमेना. शेवटी शहरात एक खोली घेतली, आई-बाबा तिथे राहायला गेले. उपचाराच्या दृष्टीने ते योग्यच होतं, तिथल्या नर्सनी त्यांचं सगळं प्रेमाने केलं. पण बाबांचं गाव सुटलं. गावचा हरिनाम सप्ताह, ज्यात ते तरुणपणापासून पखवाज वाजवायचे, तो हुकला. शेत कोणाला वाट्याने दिलं, आंब्याला मोहोर किती आला, हे फोनवर विचारायचे. भावकीत कोण गेलं तर दहाव्यालासुद्धा जाता यायचं नाही कारण त्या दिवशी डायलिसिस. हळूहळू बोलणंच कमी झालं त्यांचं. आजारपणापेक्षा हे जास्त होतं असं आई अजून म्हणते. आम्ही तर काही वाळवंटात राहत नव्हतो, चांगला डांबरी रस्ता होता, एसटी होती, आपली भाषा बोलणारे डॉक्टर होते. तरी एवढं. मग किंटोरच्या माणसाचं काय झालं असेल ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

अजून एक बारीक गोष्ट, जी ज्यांच्या घरात डायलिसिस झालंय त्यांनाच कळेल. या पेशंटची त्वचा भयंकर कोरडी पडते आणि खाज सुटते, रात्र रात्र झोप नाही. बाबांना आम्ही खोबरेल लावायचो, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. हा बाम बनवणाऱ्यांमध्ये स्वतः डायलिसिसवर असलेली माणसं आहेत, त्यांना ती त्वचा म्हणजे काय हे आतून माहीत आहे. या बामाने ती खाज जाते असं मी अजिबात म्हणत नाहीये, तिचं कारण रक्तात असतं आणि ते डॉक्टरनेच बघायचं. पण कोरड्या त्वचेला तो इतका मऊ का लागतो याचा विचार करताना मला हे सुचलं.

आपल्याकडे काय? २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयांमध्ये गरिबांना मोफत डायलिसिस मिळतं, आणि ही खूप मोठी गोष्ट आहे, त्याआधी लोक शेत विकून करायचे. पण जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे भामरागडच्या किंवा धडगावच्या माणसाला केवढं लांब आणि पावसाळ्यात तर रस्ताच नाही. माणसांना विचारून दवाखाना बांधल्याचं एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत सर्च संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गोंड लोकांना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही, आणि लोकांनी सांगितलं त्याप्रमाणे मोठी इमारत न बांधता त्यांच्या गावासारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा केला, नाव लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. लोक यायला लागले. मला ते काम फार मोठं वाटतं. पर्पल हाऊस त्याच्या पुढचं पाऊल आहे, तिथे विचारणारे आणि ठरवणारे दोघे तेच लोक आहेत. आणि मेंढा लेखासारखं गाव ज्या राज्यात आपल्या जंगलाचा बांबू स्वतः विकून दाखवतं तिथे एखाद्या ग्रामसभेने आपल्या दवाखान्याचं पण ठरवावं, यात अशक्य काय आहे? मला खरंच वाटतं हे होऊ शकतं, पैसा आणि अधिकार दोन्ही त्यांच्या हातात दिला तर.

आता परत खरेदीकडे. ऑस्ट्रेलियात फिरायला येणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची गोष्ट, कारण आपले लोक इथून बूमरँग, डिजेरिडू (फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य), ठिपक्यांचे टी-टॉवेल भरभरून नेतात. त्यातलं बरंच ॲबोरिजिनल लोकांनी बनवलेलं नसतं. इथल्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनचा, म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या संस्थेचा, २०२२ चा अहवाल आहे, त्यात म्हटलंय की अशा छापाच्या सोवेनियरमध्ये दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश माल बनावट असतो. म्हणजे चित्र त्यांचं, पैसा दुसऱ्याचा. म्हणून वस्तू उचलण्याआधी दुकानदाराला सरळ विचारा की हे कोणी बनवलंय, कुठल्या गावचं आहे, बनवणाऱ्याला पैसे मिळतात का. खरा माल विकणारा आनंदाने सांगतो. या बामाच्या बाबतीत तो प्रश्नच नाही, डबीवरच संस्थेचं नाव आहे.

किंमतीबद्दल माझ्या मैत्रिणीशी वाद झाला होता, ती म्हणाली एवढ्या पैशात इंडियात वर्षभराचे बाम येतील. येतील की. पण रानात जाऊन हाताने गोळा केलेला पाला, तो पण वर्षातून मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढाच, मजुरी ऑस्ट्रेलियाची, आणि उरलेला पैसा कोणालातरी घरी राहता यावं म्हणून. मला ती किंमत जास्त वाटत नाही. ज्यांना जास्त वाटते त्यांनी स्वस्तातलं व्हॅसलीन वापरावं, त्वचा तेवढीच मऊ होईल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

कोणता घ्यायचा विचाराल तर सर्दी-खोकल्यासाठी आणि ज्यांना वास चालतो त्यांनी इर्मांगका-इर्मांगका, हा जास्त दरवळतो. नुसतं हातापायांना लावायला हवा असेल किंवा घरात उग्र वास कोणाला सोसत नसेल तर आर्रेथे, मला तो थोडा सौम्य वाटला. संस्थेचं ऑनलाइन दुकान आहे, ऑस्ट्रेलियात असाल तर सरळ तिथूनच मागवा म्हणजे पैसे थेट पोचतील. पाला मिळण्यावर सगळं असल्यामुळे हवा तो प्रकार कधी कधी नसतो, तर जो असेल तो घ्या. इंडियाला नेणार असाल तर चेक-इन बॅगेत, झिपच्या पिशवीत घालून, नाहीतर मुंबईला उतरेपर्यंत कपड्यांना तेल लागलेलं असेल. बाम नको असेल तर तिथेच देणगीचा पण पर्याय आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो फक्त डबीसाठी, मोठी डबी काढा हो, आमच्याकडे टाचा बऱ्याच आहेत.